खाली लटकणारी फळे

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझी हकीकत सांगण्याआधी माझी मोजदाद सांगतो.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्यात सहाशे चाळीस पाने होती. आज सहाशे अठरा आहेत. सुरुवातीची दहा पाने उंदराने नेली. त्यांत फक्त प्रस्तावना होती. शेवटची बारा कधी गळाली ते मलाही कळले नाही. त्या बारांत ‘राँग’ हा शब्द गेला, त्याचा अर्थ आता माझ्याकडे नाही. मुखपृष्ठावर ‘बावीस हजार शब्द’ असे छापले आहे, पण ते खरे नाही. एकवीस हजार चारशे सहा होते, आज वीस हजार नऊशे अठ्ठ्याण्णव उरले आहेत. त्यांपैकी एक हजार तीनशे बारा शब्दांखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे आणि चारशे सात शब्दांखाली निळ्या शाईची. मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला एक कागद कोरा होता. आता तो कोरा नाही. ते का, हेच मला सांगायचे आहे.

लाल रेघा देवमन यांच्या. १९९४ साली त्यांनी मला बडनेरा स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवरून उचलले. ते रेल्वेत ट्रॅकमन होते. दिवसभर रुळांच्या कडेने चालायचे, सैल झालेले बोल्ट आवळायचे आणि संध्याकाळी बढतीच्या परीक्षेचा अभ्यास करायचे. मला त्यांनी आकाशी रेक्झिनचे कव्हर शिवून घेतले. दररोज पाच शब्द पाठ करायचे, असा त्यांचा नियम होता.

तेव्हा माझा मान मोठा होता. क्वार्टरच्या ओळीत माझ्यासारखा दुसरा नव्हता. कोणाच्या घरी इंग्रजी पत्र आले की माणूस चपला काढून आत यायचा.

“देवमनभाऊ, ‘रिग्रेट’ म्हणजे काय हो?”

देवमन माझे पान उघडायचे. “दिलगिरी.”

“म्हणजे पोराले नोकरी लागली का नाई लागली?”

देवमन पूर्ण पत्र वाचायचे. मग मला बंद करायचे. “नाई लागली.”

तो माणूस पत्राची घडी घालायचा. मग म्हणायचा, “पण पत्र लई गोड लेयलं बाप्पा.”

मला तेव्हा वाटायचे, शब्दाचा अर्थ सांगितला की माझे काम झाले. या समजुतीची शिक्षा मला पुढे झाली. मला म्हणजे, दुसऱ्याच कोणाला झाली.

मग घरात फोन आला. नंतर फोनमध्ये सगळेच आले. मी लोखंडी पेटीत गेलो, लग्नपत्रिका आणि विजेच्या जुन्या बिलांच्या खाली. तिथे मी अकरा वर्षे होतो.

बाहेर काढले ते देवमन यांच्या मुलीच्या नोकरीच्या दिवशी. प्रियदर्शनी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाली होती. राजापेठेत एका कंपनीचे कार्यालय होते. ती कंपनी संत्र्यांची प्रतवारी करून माल परदेशी पाठवायची. तिथल्या प्रयोगशाळेत प्रियदर्शनीला जागा मिळाली. पहिले सहा महिने परीक्षेचे आणि मग नोकरी पक्की, असे पत्रात लिहिले होते. देवमन यांनी ते पत्र तीनदा वाचले.

“हे घेऊन जाय,” मला तिच्या पिशवीत टाकत ते म्हणाले.

“बाबा, फोनमध्ये सगळं आहे.”

“फोनची बॅटरी संपते. याची नाई संपत.”

बापाचे मन राखायला तिने मला नेले. मी निवृत्तीनंतर पुन्हा कामावर चाललो होतो आणि फुगलो होतो. ते फुगणे कार्यालयात पहिल्याच आठवड्यात उतरले.

तिथले शब्द मला येत होते. पण ते लोक जे बोलत होते, ते मला येत नव्हते.

प्रयोगशाळेचे प्रमुख कुलदीप सर. वय पस्तिशीचे, गाव चांदूर बाजारकडचे, घरची संत्र्याची बाग. मध्ये सात वर्षे पुण्यात राहून आले होते आणि तिथून एक बोली घेऊन आले होते. ती इंग्रजी म्हणावी तर क्रियापदे मराठी, आणि मराठी म्हणावी तर बाकी काहीच मराठी नाही. “माझी बँडविड्थ नाहीये.” “हे पार्क करून ठेव.” “मला लूपमध्ये ठेव.” “आपण उद्या टच बेस करू.” प्रियदर्शनी हे सगळे कागदावर टिपायची, घरी आल्यावर माझ्यात शोधायची आणि निळी रेघ मारायची. देवमन शेजारी बसून ऐकायचे.

“लूप,” ती वाचायची. “फास.”

“साहेब म्हणते, मले फासात ठेव?”

“तसं नाही बाबा. म्हणजे मला कळवत राहा.”

“मग ‘कळवत राहा’ म्हणायले काय होते त्याले?”

एकदा ती म्हणाली, “बाबा, उद्या लवकर जायचं आहे. सर म्हणाले, टच बेस करायचं आहे.”

देवमन यांनी स्वतःच मला उघडले. टच: स्पर्श करणे. बेस: पाया. त्यांनी चष्मा काढला.

“पाया पडाले लावते का तो तुले?”

“बाबा!”

“नाई, सांग मले. आपण कोणाच्या पाया नाई पडत. माह्या बापानं सोडलं ते, मी नाई पडलो कोणाच्या, अन् तू बी.एस्सी. होऊन...”

“बाबा, म्हणजे फक्त भेटायचं! दोन मिनिटं भेटायचं!”

त्या दिवशी दोघे पोट धरून हसले. मीही हसलो असतो. मला वाटले, या चुका हसण्याच्याच आहेत.

मात्र प्रियदर्शनीला एक खोड होती, ती म्हणजे विचारण्याची. मायक्रोस्कोपखाली काही वेगळे दिसले की ती तीनदा पाहायची, आणि कळले नाही तर विचारायची. कार्यालयात हे चालत नव्हते. कुलदीप सर म्हणायचे, “ओव्हरथिंक करू नको. जस्ट एक्झिक्यूट.” एक्झिक्यूट या शब्दाला माझ्यात दोन अर्थ आहेत: अंमलात आणणे आणि फाशी देणे. कोणता घ्यायचा ते मी कधीच सांगत नाही.

चौथ्या महिन्यात त्यांनी तिला समोर बसवून सांगितले की कन्फर्मेशनच्या वेळी हा मुद्दा येईल. ‘ती खूप प्रश्न विचारते’ हा मुद्दा. त्यानंतर तिने प्रश्न कमी केले. मोजून सांगायचे तर, आधी दिवसाला आठ-नऊ होते, मग दोन झाले.

आता ती गोष्ट.

ऑक्टोबर होता. आंबिया बहाराची संत्री तयार होत आली होती. परतवाड्याच्या पुढे रामराव नावाच्या शेतकऱ्याची चारशे झाडांची बाग होती. तिचा माल परदेशी पाठवता येईल का, हे नमुना तपासून ठरायचे होते. नमुन्याची फळे पाच दिवस ठेवून पाहायची. शंभरात पाचांहून जास्त सडली तर बाग यादीतून बाहेर.

नमुना आणायला जायच्या आदल्या दिवशी मी मिटिंगच्या टेबलावर पडून होतो. प्रियदर्शनी नमुन्याच्या पिशव्या मोजायला आत गेली होती. कुलदीप सर एकटे होते. त्यांचा फोन वाजला. गावावरून त्यांच्या आईचा, कौशल्याबाईंचा फोन होता. सरांची ती पुण्याची बोली एका क्षणात गळून पडली.

“बोल माय... हो, मिटिंगच आहे, बोल तू. खालच्या फांद्यायले बांबू लावले का नाई? ...अवं मग काय पाहून राहिली! फळं जमिनीले टेकले अशीन. पाण्यानं माती उडते, खालचं फळ पयले सडते, मालूम नाई का तुले? आजच लावजो. वरच्याले काई होत नाई.”

फोन ठेवला. दार उघडून प्रियदर्शनी आत आली. सर म्हणाले, “येस. सो व्हेअर वेअर वी?”

मित्रांनो, हे ऐकणारा मी एकटा होतो. माझ्यात वीस हजारांहून जास्त शब्द आहेत, पण आवाज नाही.

संध्याकाळी सरांचा मेल आला. त्यात दोनच वाक्ये होती. ‘रामराव ऑर्चर्ड: पिक द लो-हँगिंग फ्रूट फर्स्ट. रेस्ट, वी विल सर्कल बॅक.’

प्रियदर्शनीने त्या दिवसाचा एक प्रश्न खर्च केला. ती त्यांच्या टेबलापाशी गेली.

“सर, नमुना सगळ्या उंचीवरून घेतात ना? मग फक्त...”

“लेट्स टेक इट ऑफलाइन,” सर म्हणाले आणि अकोल्याला जायच्या गाडीत बसले.

याचा अर्थ ‘नंतर बोलू’ असा असतो, हे तोवर तिला माहीत झाले होते. ती नंतरची वाट पाहत राहिली. नंतर आले नाही. फोन केला, तो उचलला गेला नाही. सकाळी कंपनीची जीप आली.

परतवाडा मागे पडला तसे फोनचे नेटवर्क गेले. बागेत रामराव उभेच होते. धोतर, डोक्याला उपरणे, हातात कात्री. तिला पाहून खूश झाले. तिने वाकून खालच्या फांदीचे पहिले फळ कापायला घेतले तसा त्यांचा चेहरा बदलला.

“मॅडम, खालचं काहून घेता? ते मातीचं फळ आहे. वरचं घ्या ना.”

“काका, साहेबांचा लेखी आदेश आहे.”

“कोणता साहेब?”

“कुलदीप सर.”

“चांदूर बाजारचा? अवं तो तं संत्र्याच्याच घरचा! त्याले समजत नाई का?”

“म्हणूनच,” ती म्हणाली. “त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजतं. खालचं फळ सगळ्यात आधी खराब होत असेल, म्हणून तेच आधी तपासायचं असेल.”

हा तर्क चुकीचा नव्हता. प्रयोगशाळेत असेच करतात, जिथे दोष असण्याची शक्यता जास्त तिथे आधी पाहतात. तरी तिला चैन पडेना. तिने फोन वर धरून पाहिला. नेटवर्क नव्हते. मग तिने पिशवीतून मला काढले.

पान तीनशे बावन्न. लो: खाली, खालचा.

पान दोनशे शहाऐंशी. हँगिंग: लटकणारे.

पान दोनशे एक्कावन्न. फ्रूट: फळ.

तीनही अर्थ बरोबर होते. आजही बरोबर आहेत. शब्द माझ्यात सुटे सुटे राहतात. तीन शब्द एकत्र येऊन चौथेच काही बोलू लागले तर मला त्याचा पत्ता नसतो. तिने विचारले, आणि मी छातीठोकपणे सांगितले: खाली लटकणारे फळ.

तिने साठ फळे कापली, सगळी जमिनीपासून दोन फुटांच्या आतली. नमुन्याच्या अर्जावर ‘उंची’ असा रकाना नव्हता. तिने तो स्वतः आखला आणि लिहिले: दोन फुटांच्या आत. रामरावांनी जीपमध्ये क्रेट चढवायला हात लावला.

पाच दिवसांनी साठांपैकी चौदा फळे सडली होती. देठाच्या खालून तपकिरी, चामड्यासारखा डाग आणि कुजका वास. रामरावांची बाग यादीतून कटली.

शुक्रवारी मिटिंग झाली. पडद्यावर पुण्याचे मोठे साहेब होते. टेबलाभोवती सहाजण.

“रूट कॉज काय आहे?” कुलदीप सरांनी विचारले.

“सर, नमुना फक्त खालच्या फळांचा होता,” प्रियदर्शनी म्हणाली. “तुमच्या मेलमध्ये तसं होतं.” तिने मेल वाचून दाखवला.

पडद्यावरचे साहेब हसले. मग सगळे हसले. कुलदीप सर हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

“प्रियदर्शनी, तो वाक्प्रचार आहे! लो-हँगिंग फ्रूट म्हणजे सोपी कामं. साखर मोजा, वजन घ्या, ते आधी उरका, बाकीचं नंतर पाहू. खरोखरची खालची फळं तोडायला कोणी सांगितलं होतं?”

“सर,” ती म्हणाली, “आपली कंपनी फळांचीच आहे.”

यावर कोणी हसले नाही. पडद्यावरच्या साहेबांनी आपला आवाज बंद केला. प्रणाली नावाची मुलगी शेजारी बसायची, तिने टेबलाखालून प्रियदर्शनीचा हात दाबला.

संध्याकाळी ती सरांच्या खोलीत गेली. मी तिच्या हातात होतो.

“सर, माझी चूक मी मान्य करते. मला विचारायला हवं होतं. मला उद्या रामरावकाकांच्या बागेत जाऊ द्या. वरची साठ, खालची साठ, वेगवेगळी मोजते. बाग चांगली आहे सर. मी माझ्या खर्चानं जाते.”

कुलदीप सर खिडकीबाहेर पाहत होते. मराठीत सांगायला ते वाक्य जड असते. इंग्रजीत हलके होते. त्यांनी इंग्रजी घेतले.

“प्रियदर्शनी, आय अ‍ॅम सॉरी. वी विल हॅव टू लेट यू गो.”

लेट: पान तीनशे एकेचाळीस. देणे, परवानगी देणे. गो: पान दोनशे सत्तर. जाणे. या वेळी तिने मला उघडलेही नाही. गरजच वाटली नाही.

“थँक्यू सर!” ती म्हणाली. “गुरुवारी अहवाल देते.”

सरांनी तिच्याकडे पाहिले. त्यांना कळले होते, की तिला कळले नाही. ते माझ्या कव्हरपासून हातभर अंतरावर उभे होते आणि मी त्यांचा चेहरा पाहिला. एक वाक्य त्यांना सांगता आले असते. घरच्या भाषेत, आईशी बोलतात तसे. त्यांनी लॅपटॉप बंद केला.

शनिवारी ती सकाळच्या एसटीने परतवाड्याला गेली, तिथून सवाऱ्या भरणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपने पुढे. रामरावांनी तिला पाहिले आणि आधी पाणी दिले.

“पुन्हा आल्या? आता कोणतं फळ पायजे साहेबाले?”

“साहेबांना नाही काका. मला. दोन्ही पाहिजेत.”

तिने साठ फळे दोन फुटांच्या आतली कापली आणि साठ पाच फुटांच्या वरची. वीस झाडे, प्रत्येक झाडाची तीन खालची, तीन वरची, झाडाभोवती फिरून. दोन वेगळ्या पिशव्या. रामरावांनी मोटरसायकलवर पिशव्या घेऊन तिला स्टँडवर सोडले. तिथे ते म्हणाले, “मॅडम, मंगळवारी व्यापारी येऊन राह्यला. सगळी बाग उतरवते तो, एकूण एक फळ तोडून नेते. तुमचं काही आलं तं त्याच्या आधी सांगजा.”

“पाच दिवस लागतात काका.”

“मग राहू द्या,” ते म्हणाले. पण पिशव्या त्यांनीच एसटीत वर चढवल्या.

प्रयोगशाळा रविवारी बंद होती, म्हणून फळे बडनेऱ्याच्या घरात, पुढच्या खोलीत वर्तमानपत्रावर मांडली. सोमवारी ती कार्यालयात गेली. दारातल्या यंत्रावर तिने बोट ठेवले. लाल दिवा लागला. बोट पुसून पुन्हा ठेवले. लाल. चार वेळा. शेवटी प्रणाली बाहेर आली.

“अगं, तू कशाला आली? तुले सरांनी शुक्रवारीच काढलं ना?”

“नाही. सरांनी मला जायला परवानगी दिली.”

प्रणालीने तिला बाजूला घेतले. “प्रियदर्शनी,” ती हळूच म्हणाली, “ते काढून टाकलं, असंच म्हणतात.”

घरी आल्यावर तिने बापाला सांगितले. देवमन यांनी मला घेतले, लेटचे पान उघडले, बोट ठेवून अर्थ वाचला. मग गोचे पान. मग पुन्हा लेटचे. तीस वर्षे उलटली, पण या माणसाने माझ्यावर कधी संशय घेतला नव्हता.

“इथं तं ‘जाऊ देणे’ लेयलं आहे,” ते म्हणाले.

“हो बाबा.”

“मग हे ‘रिग्रेट’वालं पत्रच झालं. तसंच. लई गोड.”

त्यांनी मला जमिनीवर ठेवले. पेटीत नाही, टेबलावर नाही, जमिनीवर.

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी सांगणार नाही. माझी पाने गळत आहेत, ती गळू द्या. माझी एक वेगळी विनंती आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणाला तरी काम सांगाल. तेव्हा जे वाक्य तुम्ही आपल्या आईला सांगू शकत नाही, ते दुसऱ्याच्या मुलीला सांगू नका. आणि ऐकणारे तुम्ही असाल तर विचारा. दोनदा विचारा, दहादा विचारा, दिवसाला आठ-नऊ प्रश्न फार नसतात. माझ्यावर विसंबून राहू नका. मी शब्द सांगतो, माणूस काय म्हणतो ते सांगत नाही.

मंगळवारी व्यापाऱ्याने बाग उतरवली. फळे तिथल्याच बाजारात गेली.

गुरुवारी सकाळी पाच दिवस पूर्ण झाले. बाप-लेक वर्तमानपत्रावर उकिडवे बसले. ती एकेक फळ उचलून फिरवून पाहायची, देवमन मोठ्याने आकडा म्हणायचे. दोनदा मोजले. लिहायला कागद शोधू लागली तेव्हा त्यांनी मला पुढे केले आणि मागचा पुठ्ठा उघडला. तिथे निळ्या शाईत लिहिले आहे:

दोन फुटांच्या आत: फळे साठ, सडलेली तेरा.

पाच फुटांच्या वर: फळे साठ, सडलेले एक.